रात्री दहानंतरचे विद्यार्थी

यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचा १ जुलै हा स्थापनादिन. १९८९ मध्ये नाशिकला सुरू झालेल्या या विद्यापीठाने ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीद घेतले आणि शिक्षण अर्ध्यावर सुटलेल्या गृहिणींना, नोकरदारांना पदवीची वाट मोकळी केली. आता ती वाट मोबाइलवरून जाते. मान्यताप्राप्त ऑनलाइन पदवी ही नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची आहे, हे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केले. त्याचे स्वागतच आहे.

पण प्रौढ विद्यार्थी शिकतो कसा? चाळिशीतली बाई घरचे सगळे आवरून, मुलांचा अभ्यास घेऊन रात्री दहानंतर स्वतःचा अभ्यास काढते. घरात चांगला मोबाइल एकच असेल, तर तो तोवर मुलाकडे असतो. रेकॉर्ड केलेले व्याख्यान थांबवून पुन्हा ऐकता येते, आणि आपल्या मुलांच्या वयाच्या पोरांसमोर शंका विचारण्याचा संकोच राहत नाही. ही सोय खरोखर मोठी आहे. शंका मात्र त्याच रात्री येते आणि तेव्हा उत्तर द्यायला कोणी नसते. ओटीपी येत नाही, असाइनमेंट अपलोड होता होता रेंज जाते. हेल्पलाइन चालते कार्यालयीन वेळेत, आणि त्या वेळेत ती कामावर असते. अशाने काहीजणी अभ्यास सोडतात आणि ‘आपल्यालाच झेपले नाही’ असे मानून गप्प बसतात. दोष व्यवस्थेचा असताना तो त्यांनी स्वतःच्या माथी घ्यावा, याचे फार वाईट वाटते.

अभ्यासकेंद्रातल्या संपर्क सत्रांत समंत्रक विषय समजावतात, पण धीर मिळतो तो शेजारच्या बाकावरच्या बाईकडून. तीही सुट्टीचा दिवस मोडून, घरी स्वयंपाक करून आलेली असते. पडद्यावरच्या वर्गात ही शेजारीण नाही. विद्यार्थिनींनी व्हॉट्सॲपवर गट करून ती उणीव आपापल्या परीने भरून काढली आहे. हे काम खरे तर विद्यापीठांचे आहे. रात्री आठ ते अकरा समंत्रक उपलब्ध ठेवा, त्यांना त्याचे मानधन द्या, आणि महिन्यातला एक रविवार तरी तालुक्याच्या ठिकाणी प्रत्यक्ष भेटीसाठी राखा. यासाठी नवे तंत्रज्ञान लागत नाही.

आणि वाचकहो, तुमच्या घरात आईने, वहिनीने किंवा काकूने यंदा प्रवेश घेतला असेल, तर रात्रीचे दोन तास मोबाइल तिच्या हाती द्या.