दोन काठ्या, एक दोरी

नव्या शैक्षणिक धोरणाने पदवीला चौथे वर्ष जोडले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर 2022च्या आराखड्यानुसार पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के गुण मिळवणाऱ्याला या वर्षात 12 श्रेयांकांचा प्रकल्प करून ‘संशोधनासह ऑनर्स’ पदवी घेता येते. यावर जिल्ह्याच्या ठिकाणी पहिला प्रश्न निघतो, आमच्याकडे तशी प्रयोगशाळा कुठे आहे? रत्नागिरीपुरते उत्तर सोपे आहे. शहराच्या उत्तरेला, गणपतीपुळ्याकडे जाणाऱ्या सागरी रस्त्यालगत आरे-वारेच्या पुळणी आहेत.

पुळणीचा उतार मोजायला महाग यंत्र लागत नाही. के. ओ. एमरी या अमेरिकी सागरी भूवैज्ञानिकाने 1961मध्ये मांडलेली पद्धत आजही चालते. सारख्या उंचीच्या, सेंटिमीटरच्या खुणा केलेल्या दोन काठ्या आणि त्यांच्यामध्ये ठरावीक लांबीची दोरी. मागच्या काठीजवळ उभे राहून पुढच्या काठीचे टोक क्षितिजाशी जुळवायचे. ही नजरेची रेषा मागच्या काठीला टोकापासून जेवढी खाली छेदते, तेवढी वाळू त्या अंतरात उतरली. असे मोजत पाण्यापर्यंत जायचे. आरे-वारेला क्षितिज मोकळे आहे, फक्त ओहोटीची वेळ साधावी लागते.

पावसाळी लाटा वाळू ओढून नेतात, पाण्याखाली तिचे बांध घालतात आणि हिवाळ्याच्या शांत लाटा ती परत आणतात, एवढे पाठ्यपुस्तकात असते. पण आरेची वाळू किती परत येते, वारेची किती, आणि दोन्हींत फरक पडतो का, हे जागेवर मोजल्याशिवाय कळणार नाही. त्यासाठी त्याच रेषेवर, त्याच पद्धतीने, वर्षानुवर्षे मोजावे लागेल. एका विद्यार्थ्याच्या प्रकल्पात हे मावत नाही. दहा तुकड्यांनी एकमेकींच्या हाती दिलेल्या वहीत मावते. जुलै 2025मध्ये इथे एकाच कुटुंबातले चौघे बुडाले. पाण्याखालचे बांध कुठे तुटतात आणि परतीची ओढ कुठून जोर धरते, याच्या नोंदी असतील तर धोक्याचा फलक नेमका कुठे लावायचा, हे तरी ठरवता येईल.

अशी चिकाटी या जिल्ह्याला नवी नाही. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि भूगोलाचे प्राध्यापक सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनी गावकऱ्यांना विचारत, सडे पालथे घालत कातळशिल्पांची नोंद केली. 2022मध्ये कोकणातली ही शिल्पे युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. कामाची सुरुवात झाली ती पायपिटीने.

मग अडते कुठे? बरेचसे वेळापत्रकात. पावसाळ्यानंतरचे मोजमाप ऑक्टोबरात घ्यायचे, तर तेव्हा सत्रपरीक्षा डोक्यावर. पावसाळ्याआधीचे मे महिन्यात, तर तेव्हा सुट्टी. पुळण सर्वांत जास्त उघडी पडते ती उधाणाच्या ओहोटीला, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या सुमारास, आणि ती वेळ तासिकांच्या घंटेशी जुळत नाही. शिक्षकाने विद्यार्थ्यांना घेऊन पहाटे किनारा गाठला, तर तो वेळ त्याच्या कार्यभारात धरला पाहिजे. शिवाय 75 टक्क्यांची अट चौथ्या वर्षाची आहे. काठी धरायला ती लागत नाही. पहिल्या वर्षापासून मोजायला लावले, तर चौथ्या वर्षी विषय शोधत फिरावे लागणार नाही. (तयार प्रकल्प कुठल्या झेरॉक्सवाल्याकडे मिळतात, हे एक प्राचार्य सोडले तर सर्वांना ठाऊक असते.)

मूल्यमापनही बदलावे लागेल. वर्षभर नेटाने मोजूनही ‘विशेष फरक आढळला नाही’ असा निष्कर्ष निघाला, तर आजच्या पद्धतीत तो प्रकल्प फिका ठरतो आणि विद्यार्थी आकड्यांना रंग चढवू लागतो. गुण नोंदींच्या नेमकेपणाला द्यावेत. मापे चुकीच्या वेळी घेतली गेली असतील तर तसे लिहिणाऱ्याचे गुण कापू नयेत. आणि मूळ वही, बांधीव अहवाल नव्हे, महाविद्यालयाच्या ग्रंथालयात जमा झाल्याशिवाय श्रेयांक देऊ नयेत.