क्लीनर हवा गाडीत

गेल्या आठवड्यात भाच्याच्या नव्या गाडीतून नागपूरहून आदिलाबादला परतलो. पांढरकवडा मागे पडलं तशी त्याने गाडी गाडीच्याच हवाली केली. पुढच्या वाहनापासून अंतर राखणं, पट्ट्यांच्या मधोमध राहणं, सगळं तीच बघत होती. ‘‘मामा, पायाला कामच नाही!’’ हात स्टिअरिंगवर नुसते टेकवलेले.

पैनगंगेचा पूल ओलांडला आणि एके ठिकाणी पांढरे पट्टे पुसट झाले. टिंग टिंग वाजलं, पडद्यावर लाल चित्र उमटलं. भाच्याने आधी पाहिलं ते त्या पडद्याकडे. रस्त्याच्या कडेने, उलट्या बाजूने, कापसाने फुगलेला ट्रॅक्टर येत होता. ‘‘डावीकडं ट्रॅक्टर!’’ मी ओरडलो तेव्हा कुठे त्याची नजर वर आली. अंतर बरंच होतं, म्हणून थरारकथा सांगत नाही. पण ज्या आवाजाने नजर रस्त्यावर आणायची, त्यानेच ती पडद्यात अडकवली, हे डोक्यातून जाईना.

ट्रकचा क्लीनर कधी ‘सावधान’ म्हणत नाही. ‘डावीकडं म्हैस’ म्हणतो. कुठे बघायचं आणि काय दिसणार, दोन शब्दांत.

आमच्याकडचे जुने गाडीवान यार्डात कापूस टाकून परतताना बैलगाडीत खुशाल झोपायचे, बैल घर गाठायचे. वाटेत काही आडवं आलं तर बैल थांबायचे आणि धनी सावकाश डोळे चोळत उठायचा. 100 च्या वेगातली गाडी एका सेकंदात 28 मीटर जाते. तिथे डोळे चोळायला सवड कुठली? लिझन बेनब्रिज या मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1983 मध्येच लिहून ठेवलं होतं की यंत्र सोपं काम स्वतःकडे घेतं, अवघड तेवढं माणसाकडे उरतं, आणि तेही सराव मोडल्यावर.

स्वतःहून लेन धरून चालणाऱ्या गाड्यांसाठी संयुक्त राष्ट्रांचा 157 क्रमांकाचा नियम 2020 मध्ये आला. ‘आता तुम्ही चालवा’ म्हटल्यावर चालकाला साधारण 10 सेकंद द्यायचे, नाहीच ऐकलं तर गाडीने स्वतः सुरक्षितपणे थांबायला लागायचं. आपल्याकडच्या गाड्यांना तर चालकाने क्षणभरही लक्ष काढलेलं चालत नाही. निदान कागदावर तरी. पण हात स्टिअरिंगवर येणं वेगळं आणि समोरचं चित्र डोक्यात उतरणं वेगळं. दुसऱ्या गोष्टीला वेळ लागतो, आणि नुसत्या टिंग टिंगने तो कमी होत नाही.

उपाय अवघड नाही. धोका डावीकडे असेल तर आवाज डाव्या स्पीकरमधून यावा, काचेच्या खालच्या कडेने उजेडाची रेघ डावीकडे धावावी. कॅडिलॅकच्या 2013 च्या एक्सटीएस मॉडेलमध्ये धोक्याच्या बाजूची सीट थरथरायची. मग आपल्या गाड्यांनी शाळेच्या घंटेसारखा सगळ्याला एकच टोल का द्यावा?

हैदराबादच्या आयआयटीत, कंदीला, 2022 पासून विनाचालक वाहनांच्या चाचणीचं मैदान आहे. तिथल्या मंडळींनी ऐन कापसाच्या हंगामात एक संध्याकाळ आमच्या भोरज फाट्यावर उभं राहून काढावी. चहा माझ्याकडून.