स्वतःचा अंगठा

टेंभी नाक्यावरील मुनिसुव्रत स्वामींच्या मंदिरातून परतलेल्या आजींना चार महिन्यांचे नातवंड अंगठा चोखत शांत पडलेले दिसते आणि त्या कडुनिंबाचा रस शोधू लागतात. वस्तुतः बाळ गर्भातच अंगठा चोखू लागते. सोनोग्राफीत ते दिसते. पोट भरलेले असतानाही चोखण्याने त्याचे चित्त स्थिरावते. व्यापाऱ्यांच्या भाषेत हे बाळाचे स्वतःचे भांडवल, उसनवारी नव्हे. 1920च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत कामास जाणाऱ्या माता बाळ निजावे म्हणून अफूची बाळगोळी देत. मात्रा चुकल्यास जीवही जाई. त्यापुढे अंगठा किती निरुपद्रवी! बहुतेक मुले दोन ते चार वर्षांच्या दरम्यान तो आपणहून सोडतात. कायमचे दात येऊ लागल्यावरही सवय टिकली, तर मात्र दंतवैद्यांना दाखवावे.