‘ला ग्रांद वाद्रुय’ आणि गंभीर मंडळी

युद्धावर विनोद करणाऱ्या चित्रपटांना गंभीर मंडळी सहसा उंबऱ्याबाहेरच ठेवतात. जेरार उरी यांच्या १९६६ मधील ‘ला ग्रांद वाद्रुय’ या फ्रेंच चित्रपटाविषयी तर त्यांचा निकाल ठरलेलाच: जर्मन अंमलाखालील फ्रान्समध्ये जो तो देशभक्त होता, सारा देश एक होता, ही सोयीची समजूत या चित्रपटाने हसतहसत लोकांच्या गळी उतरवली.

आक्षेपात तथ्य आहे, हे आम्ही नाकारीत नाही. कथा १९४२ सालची. त्याच वर्षी जुलैत फ्रेंच पोलिसांनी पॅरिस परिसरात सुमारे १३,००० ज्यूंची धरपकड केली. पडद्यावर तिची सावलीही नाही. परंतु एकजुटीचा आरोप आम्हांस मान्य नाही.

विमान पाडले गेल्यावर तीन इंग्रज वैमानिक हवाई छत्र्यांनी पॅरिसमध्ये उतरतात. त्यांच्यापायी रंगारी बुव्हे (बुर्विल) आणि ऑपेरातील वाद्यवृंदाचा संचालक लफोर (लुई द फ्युनेस) यांना पळ काढावा लागतो. देशासाठी म्हणून नव्हे. गळ्यात पडलेला पाहुणा टाकवत नाही म्हणून. आणि एकजूट कसली? भिंतीवरून उतरताना लफोर बुव्हेच्या खांद्यावर येतो आणि तिथेच बसून राहतो. आपले जोडे चावतात, तर रंगाऱ्याचे मागून घेतो. जर्मन पाठीवर असतानाही हुद्दा सुटत नाही! राष्ट्रीय ऐक्याच्या पोवाड्याला याहून बोचरा चिमटा कोणत्या गंभीर चित्रपटाने काढला?

हमामखान्यातील प्रसंग तर आमच्या विशेष आवडीचा. खुणेची धून गुणगुणत इंग्रज अधिकाऱ्याला शोधणारे हे दोघे एकमेकांनाच इंग्रज समजतात आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलू लागतात. बडोद्याच्या बाजारात गुजरातीत घासाघीस करून शेवटी ‘म्हणजे तुम्ही मराठीच?’ असे उद्गारलेल्या आमच्या वाचकांना त्यातील गंमत उलगडून सांगायला नको.

शिवाय उरी स्वतः ज्यू कुळातले. युद्धकाळात त्यांना स्वित्झर्लंड गाठावे लागले होते. पलायन ही काय चीज आहे, हे त्यांना पुस्तकातून शिकायचे नव्हते. फ्रान्समध्ये १ कोटी ७० लाखांहून अधिक तिकिटे खपली. त्या प्रेक्षकांतील कितीतरी जणांनी तो काळ अंगावर काढलेला होता. त्यांना भोळे ठरवणे आम्हांला तरी जड जाते.

त्याआधी दहा वर्षे, १९५६ मध्ये, बुर्विल आणि द फ्युनेस हेच दोघे क्लोद ओतां-लारा यांच्या ‘ला त्राव्हर्से द पारी’त दिसले होते. त्यात द फ्युनेस काळाबाजारवाला वाणी आहे आणि बुर्विल त्याच्याकडचे डुकराचे मांस बॅगांत भरून रात्रीच्या पॅरिसमधून पोहोचवतो. देशभक्तीचा तिथे मागमूस नाही, आणि तोही विनोदीच चित्रपट. आक्षेपकांनी हे दोन्ही लागोपाठ पाहिले आहेत काय, एवढेच आम्हांला विचारायचे आहे.