667 पाशीची ती खाच

वर्ध्यात मी पदवी आणि पदव्युत्तर वर्गांना रसायनशास्त्र शिकवतो. अवरक्त वर्णपटाचं प्रात्यक्षिक पावसाळ्यात आलं की घाम फुटतो. अ‍ॅगेटच्या खलात नमुना आणि पोटॅशियम ब्रोमाइड घोटायचं, प्रेसखाली दाबून पारदर्शक पेलेट काढायची. ऑगस्टच्या दमट हवेत ती बघता बघता पांढुरकी पडते आणि आलेखात 3400 प्रति सेंटीमीटर या तरंगसंख्येच्या आसपास पाण्याचा रुंद पट्टा पसरतो. त्याच आलेखात मुलं दोन बारीक खाचांवर बोट ठेवतात. एक 2350 पाशी, दुसरी 667 पाशी. ‘‘सर, हा कोणता फंक्शनल ग्रुप?’’ तो नमुन्याचा नसतोच. यंत्रातल्या हवेतला, आपल्याच श्वासातला कार्बन डायऑक्साइड असतो तो. ‘‘सोडून द्या,’’ असं आम्ही सांगतो, आणि नमुना ओळखायचा असेल तर ते योग्यच आहे.

पण 667 म्हणजे तरंगलांबीत 15 मायक्रॉन. जेम्स वेब दुर्बिणीतल्या ‘मिरी’ या उपकरणाने जीडब्ल्यू ल्युप नावाच्या तरुण ताऱ्याकडे पाहिलं, तेव्हा नेमकं याच जागी कार्बन डायऑक्साइडचं ठळक शिखर मिळालं. 2023 मध्ये ते प्रसिद्ध झालं. आपल्याकडे खाच आणि तिकडे शिखर, कारण त्या ताऱ्याभोवतीच्या चकतीतला वायू सुमारे 400 केल्व्हिनला तापून स्वतःच प्रकाश सोडतो. शेजारीच कार्बन-13 असलेल्या त्याच रेणूची फिकट खूणही सापडली. अशी खूण ग्रह घडवणाऱ्या चकतीत प्रथमच दिसली.

तरुण ताऱ्याभोवतीच्या या चकत्यांत बहुतेक वायू हायड्रोजनच असतो. त्याच्या रेणूला द्विध्रुव आघूर्ण नाही, त्यामुळे अवरक्तात तो फारच क्षीण दिसतो. हे आमची दुसऱ्या वर्षाची मुलंही सांगतील. मग साक्ष द्यायची कार्बन मोनॉक्साइडने आणि पाण्याने. रेषा किती रुंद, यावरून वायू किती वेगाने फिरतोय आणि ताऱ्यापासून किती अंतरावर आहे ते निघतं. रेषांच्या तीव्रतेच्या प्रमाणावरून तापमान. पीडीएस 70 हा तारा आपल्यापासून सुमारे 370 प्रकाशवर्षं दूर आहे. त्याच्या चकतीच्या आतल्या भागात, आपल्याकडे पृथ्वीसारखे खडकाळ ग्रह जिथे आहेत तेवढ्या अंतरावर, वेबला पाण्याची वाफ सापडली. आमची पेलेट नासवणारं तेच पाणी!

हे काम फक्त परदेशातलं आहे असंही नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पुढाकाराने बनलेला ‘टिरस्पेक’ हा अवरक्त वर्णपटमापक लडाखमधल्या हानले इथे 2013 पासून, आणि ‘टॅनस्पेक’ नैनितालजवळच्या देवस्थळच्या 3.6 मीटर दुर्बिणीवर 2019 पासून आहे. दोन्ही 2.5 मायक्रॉनपर्यंत पाहतात. चकतीच्या अगदी आतल्या, हजारो अंशांवरच्या कार्बन मोनॉक्साइडचे पट्टे 2.3 मायक्रॉनपासून सुरू होतात, म्हणजे ते या यंत्रांच्या टप्प्यात येतात.

माझं म्हणणं एवढंच की जिल्ह्याच्या ठिकाणच्या रसायनशास्त्राच्या मुलांनी हे वर्णपट स्वतः वाचावेत. हा विषय खगोलशास्त्रज्ञांचा म्हणून आपण बाजूला ठेवतो, पण त्याची बाराखडी आमच्याच प्रयोगशाळेच्या भिंतीवर टांगलेली आहे. वेबची बहुतेक निरीक्षणं जास्तीत जास्त वर्षभर राखीव राहतात, नंतर कुणालाही फुकट उतरवून घेता येतात. वर्ध्यातल्या मुलाला तेच आकडे मिळतात जे नेदरलँड्समधल्या लायडनच्या प्राध्यापकाला मिळतात. नव्या शैक्षणिक धोरणात चौथ्या वर्षाला संशोधन प्रकल्प आहे. त्यासाठी महागडी रसायनं मागवण्याची ऐपत आमच्याकडच्या अनेक महाविद्यालयांत नाही; इथे एक संगणक, इंटरनेट आणि थोडं पायथन पुरतं.

नागपूर विद्यापीठाच्या रसायनशास्त्र अभ्यास मंडळाने पुढच्या फेरबदलात वर्णपटशास्त्राच्या प्रात्यक्षिकात असा एक आलेख घालावा. त्यावर 15 मायक्रॉनचं शिखर कुणाचं, हे मुलांना ओळखायला सांगावं. सुरुवातीला तेवढं पुरे.