'फेल झालो' म्हणण्याआधी जरा थांबा

मागच्या महिन्यात रात्री साडेअकराला एक मेसेज आला. चारच शब्द. "सर, मी फेल झालो."

मुलगा ओळखीचा. नाशिकजवळ पुठ्ठ्याचे बॉक्स बनवतो. तीन माणसं कामाला आणि कर्ज काढून घेतलेलं एक मशीन. सकाळी उठल्या उठल्या फोन लावला. म्हटलं, बाबा रे, नक्की काय झालं? ऑर्डरी कमी झाल्या? नाही. माल परत आला? नाही. तोट्यात विकतोयस का? "नाही सर, बॉक्समागे चांगले सुटतात." मग झालं काय? तर एका कंपनीकडे पाच लाख वीस हजार अडकलेत, चार महिने झाले. कागदवाल्याला द्यायला पैसे नाहीत आणि मशीनचा एक हप्ता चुकला.

आता तुम्हीच सांगा, याला फेल म्हणतात का? माल चांगला, गिऱ्हाईक आहे, नफाही आहे. फक्त येणं थकलंय. बँकेच्या कागदात याला 'रिसीव्हेबल' म्हणतात, आणि तो तुमच्या मालमत्तेच्या बाजूला लिहितात. म्हणजे ज्या गोष्टीला हा मुलगा स्वतःचं अपयश म्हणत होता, ती खरं तर त्याची मालमत्ता होती. दुसऱ्याच्या खिशात अडकलेली, एवढंच.

आपल्याकडे 'फेल' हा शब्द शाळेतून आलाय, आणि शाळेत माणूस फेल होतो. बोर्डावर नाव नसतं, घरी जायला लाज वाटते. तोच शब्द आपण धंद्यात उचलून आणला. माझे वडील किराणा दुकान चालवायचे. त्यांच्या पिढीचे लोक "धंदा बसला" म्हणायचे, फार तर "धंदा बुडाला". बसायचा तो धंदा, माणूस नाही. माणूस सहा महिन्यांनी दुसरं काहीतरी मांडून बसायचा. आता विशीतला मुलगा सरळ "मी फेल" म्हणतो.

म्हणून माझं मत थोडं उलटं आहे. इंग्रजी शिका असं सगळेच सांगतात, मीही सांगतो. पण यशाचे शब्द मागे ठेवा. आधी अपयशाचे शिका. कारण यशाचे इंग्रजी शब्द बहुतेक हवेतले असतात. अपयशाचे मात्र मोजून-मापून केलेले आहेत. प्रत्येकाला तारीख आहे, रक्कम आहे, आणि मुख्य म्हणजे प्रत्येकावर वेगळा उपाय आहे.

'लॉस' आणि 'कॅश क्रंच' यांतला फरक वर पाहिलाच. लॉस म्हणजे विकून तोटा. कॅश क्रंच म्हणजे नफा आहे पण हातात रोकड नाही. दुसऱ्याला औषध वसुली. पहिल्याला वसुलीचा काही उपयोग नाही, तिथे भाव किंवा खर्च बदलावा लागतो. मराठीत आपल्याकडे एक झकास शब्द आहे, आतबट्ट्याचा व्यवहार. जितकं जास्त विकाल तितका जास्त तोटा. हल्ली स्टार्टअपवाले 'युनिट इकॉनॉमिक्स निगेटिव्ह आहे' असं म्हणतात ना, ते हेच. शब्द नवा, खड्डा जुना.

'ब्रेक-इव्हन' हा शब्द तर प्रत्येकाने भिंतीवर लिहून ठेवावा. आपण त्याला ना नफा ना तोटा म्हणतो, पण ती नुसती अवस्था नाही, तो आकडा आहे. समजा तुम्ही जेवणाचे डबे देता. डबा 80 रुपयांना. भाजी, पीठ, तेल, गॅस, पोहोचवणं धरून एका डब्याला 52 रुपये जातात. राहिले 28. आता जागेचं भाडं, मावशींचा पगार आणि हप्ता मिळून महिन्याला 21,000. भागा 21,000 ला 28 ने. 750 डबे. महिन्याचे 25 दिवस धरले तर रोज 30. तुम्ही रोज 22 डबे देत असाल, तर तुम्ही फेल नाही. तुम्ही ब्रेक-इव्हनच्या आठ डबे मागे आहात. या दोन वाक्यांत किती फरक आहे बघा. पहिल्या वाक्यानंतर माणूस झोपत नाही. दुसऱ्या वाक्यानंतर तो शेजारच्या बँकेत, दवाखान्यात, क्लासमध्ये आठ गिऱ्हाइकं शोधायला निघतो.

आता बँकेकडे येऊ. इथे मी थोडा वेळ घेणार आहे, कारण मी स्वतः पोळलोय.

हप्ता चुकला की बँक तुम्हाला लगेच 'फेल' म्हणत नाही. आधी 'ओव्हरड्यू', म्हणजे मुदत उलटून गेलेलं. 30 दिवसांपर्यंत खात्याला 'एसएमए-झिरो' असा शिक्का असतो, 31 ते 60 दिवस 'एसएमए-वन', 61 ते 90 दिवस 'एसएमए-टू'. 90 दिवस ओलांडले की 'एनपीए', आपल्या भाषेत थकीत खातं. पहिला हप्ता चुकल्यापासून तिथवर तीन महिने असतात. बहुतेक लोक हे तीन महिने काय करतात? बँकेचा फोन उचलत नाहीत. लाजेने.

आणि नियम काय सांगतो? लघुउद्योगांसाठी रिझर्व्ह बँकेने 2016 मध्ये बँकांना एक चौकट घालून दिली. 25 कोटींपर्यंतचं कर्ज असलेला उद्योजक, आपला धंदा अडचणीत येणार असं वाटलं तर, स्वतःहून बँकेकडे जाऊन सुधारणेचा आराखडा मागू शकतो. खातं एनपीए होण्याच्या आधी. म्हणजे "सर, माझं खातं एसएमए-वनला आहे, मला रिस्ट्रक्चरिंगबद्दल बोलायचंय" असं म्हणणारा माणूस आणि "सर, काहीतरी ॲडजस्ट करा ना" म्हणणारा माणूस, दोघांची परिस्थिती एकच असली तरी टेबलापलीकडून दोघांकडे बघायची नजर वेगळी असते. कर्ज मंजूर होईलच असं मी म्हणत नाही. पण ऐकून तरी घेतात.

माझी गोष्ट सांगतो. व्हिडिओत मी हे कधी सांगितलं नाही. 2013 साली माझा पेपर कपचा कारखाना बंद पडला. बँकेचे 3,40,000 देणं होतं. बँकेने प्रस्ताव दिला, एकरकमी 2,10,000 भरा आणि मोकळे व्हा. आईच्या पाटल्या मोडल्या आणि भरले. पत्र आलं, त्यात शब्द होता 'सेटल्ड'. अहो, किती गोड शब्द! मुलगा सेटल झाला म्हणतो ना आपण, नोकरी लागली, लग्न झालं की? मी चक्क पेढे वाटले.

तीन वर्षांनी क्लाससाठी कॅमेरा आणि प्रोजेक्टर घ्यायला छोटं कर्ज मागितलं, तेव्हा दुसऱ्या बँकेतल्या अधिकारी बाईंनी कॉम्प्युटरचा स्क्रीन माझ्याकडे वळवला. क्रेडिट रिपोर्टमध्ये तोच शब्द. त्या म्हणाल्या, "इथे 'क्लोज्ड' असायला हवं होतं." सेटल्ड म्हणजे याने पूर्ण पैसे दिले नाहीत, बँकेने कमी घेऊन विषय मिटवला. क्लोज्ड म्हणजे पै अन् पै फेडली. ज्या शब्दावर मी पेढे वाटले, तो शब्द पुढच्या प्रत्येक बँकेला सांगत होता की या माणसापासून जपून. मग उरलेले 1,30,000 जुन्या बँकेत भरले, नो ड्यूज सर्टिफिकेट घेतलं, रिपोर्ट दुरुस्त करून घेतला. त्यात वर्ष गेलं. तडजोड करूच नये असं माझं म्हणणं नाही, कधी कधी तोच एक मार्ग असतो. पण सही करताना त्या शब्दाचा अर्थ मला माहीत नव्हता, याचा राग अजून येतो. स्वतःचाच.

असाच दुसरा फसवा शब्द 'राइट-ऑफ'. पेपरात येतं, बँकांनी इतक्या कोटींची कर्जं राइट-ऑफ केली, आणि आपल्याला वाटतं माफ केली. माफीला शब्द वेगळा आहे, 'वेव्हर'. राइट-ऑफ म्हणजे बँकेने आपल्या हिशेबाच्या वहीतून ते खातं बाजूला काढलं. तुमचं देणं तसंच राहतं, वसुलीही चालू राहते. मला एक गृहस्थ भेटले, राइट-ऑफचं कळल्यावर निवांत झाले होते. नोटीस आली तेव्हा जागे झाले.

आणि "मी बँकरप्ट झालो" हे तर गप्पांमध्येसुद्धा म्हणू नका. दिवाळं ही कायद्याने ठरवायची अवस्था आहे, खिशात पैसे नसणं म्हणजे दिवाळं नव्हे. माल पुरवणाऱ्याच्या कानावर हा शब्द गेला तर तो उद्यापासून उधारी बंद करेल, आणि मग खरंच दिवाळं निघेल.

हल्ली आपल्या मुलांच्या तोंडी 'फेल फास्ट' ऐकतो. लवकर फेल व्हा, शिका, पुढे जा. हे वाक्य कॅलिफोर्नियातल्या सिलिकॉन व्हॅलीत वाढलं. तिथे पैसा गुंतवणूकदाराचा असतो. त्याने दहा ठिकाणी पैसे लावताना काही बुडणार हे धरलेलंच असतं, आणि बुडाले तर साधारणपणे कंपनी सुरू करणाऱ्याच्या घरी कोणी हप्ता मागायला येत नाही. तुमच्याकडे काय आहे? मुद्रा कर्ज. 'शिशु' असेल तर 50,000 पर्यंत, 'किशोर' 5 लाखांपर्यंत, 'तरुण' 10 लाखांपर्यंत. तारण लागत नाही, पण परत मात्र करावंच लागतं. तिथलं 'फेल' म्हणजे एक प्रयोग फसला. आपलं 'फेल' म्हणजे जामीन राहिलेल्या मेव्हण्याशी बोलणं बंद. त्यामुळे ते वाक्य टी-शर्टवर छान दिसतं, कर्जाच्या अर्जावर नाही. त्यांच्याकडून घ्यायचाच तर 'पायलट' हा शब्द घ्या. आधी 5,000 रुपयांचा माल करून बघा. फसला तर 5,000 गेले, मेव्हणा शाबूत.

यशाच्या शब्दांचं काय? थोडक्यात सांगतो. 'टर्नओव्हर' म्हणजे उलाढाल, कमाई नाही; कोणी "माझा टर्नओव्हर पन्नास लाख" म्हणाला की नम्रपणे विचारा, सुटतात किती? 'सँक्शन' म्हणजे मंजुरी, पैसे खात्यात येणं म्हणजे 'डिस्बर्समेंट'. या दोन शब्दांमध्ये कधी कधी दोन महिने असतात, आणि मंजुरीच्या पत्रावर मशीनचा ॲडव्हान्स देऊन बसलेले मी पाहिलेत. 'स्केल', 'ग्रोथ', 'नेक्स्ट लेव्हल' हे आम्हा ट्रेनर लोकांचे लाडके शब्द. त्यांच्यामागे आकडा लावला तर कामाचे, नाहीतर ते आमच्या फीसाठी आहेत असं समजा. (माझे जुने व्हिडिओ बघून हसू नका.)

बॉक्सवाल्या मुलाचं पुढे काय झालं, तर त्याच्याकडे उद्यम नोंदणी होती. त्याला सांगितलं, कंपनीला फोन करून रडू नकोस, पत्र लिही. 2006 च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघुउद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात, करार नसेल तर 15 दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दर महिन्याला चक्रवाढ. शिवाय 2023-24 या आर्थिक वर्षापासून आयकरात अशी तरतूद आली की मुदतीत न दिलेली ही रक्कम त्या कंपनीला त्या वर्षी खर्च म्हणून दाखवता येत नाही. पत्रात बिलांचे नंबर, तारखा, 'ओव्हरड्यू' किती दिवस, आणि शेवटी एक ओळ की उत्तर आलं नाही तर समाधान पोर्टलवर तक्रार करू. दुसरं पत्र बँकेला, येणं किती आहे ते दाखवून हप्त्यासाठी मुदत मागणारं. दोन्ही पत्रं एक-एक पानाची. त्यात 'फेल', 'विनंती', 'गरीब' यांपैकी एकही शब्द नव्हता.

परवा पुन्हा मेसेज आला, या वेळी दुपारी. "सर, तीनपैकी दोन बिलं क्लिअर. रिसीव्हेबल आता 1,70,000. कागद भरला."