भोवऱ्याचा फंडा

रविवारी सकाळी अर्धं पुणं मिसळीच्या रांगेत असतं, तेव्हा माझा एक आयटीवाला मित्र बालेवाडीच्या शूटिंग रेंजवर पोटावर पडलेला असतो. पॉइंट टूटू रायफल, ५० मीटर. २०२४ मध्ये कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसहून ब्राँझ आणलं, तेव्हापासून तर स्वारी जास्तच पेटलीय.

परवा नवं खूळ. वाऱ्यानं गोळी सरकते ना, मग जडच घेऊ! नेहमीची ४० ग्रेनची, म्हणजे जेमतेम २.६ ग्रॅम. परदेशात ६० ग्रेनचीही निघते. रीतसर लायसन्सवर मागवायची, खर्च गेला खड्ड्यात.

म्हटलं, राजा, आधी नळीचा ट्विस्ट बघ.

बॅरलच्या आत पेचदार खाचा असतात. त्या गोळीला फिरवतात, म्हणून ती नाक पुढे ठेवून जाते. लहानपणचा भोवरा आठवा. जाळी नीट ओढली नाही की कसा लडखडायचा! पॉइंट टूटूला साधारण १६ इंचांत एक फेरा असतो. गोळी बाहेर पडते ती मिनिटाला सुमारे ४८ हजार फेऱ्यांच्या वेगानं. घरच्या मिक्सरनं लाजावं.

हे १६ आले कुठून? १८७९ मध्ये जॉर्ज ग्रीनहिल या इंग्रज गणितज्ञानं शिशाच्या गोळीचा हिशेब सोपा करून दिला: १५० गुणिले व्यासाचा वर्ग, भागिले लांबी, सगळं इंचांत. गंमत म्हणजे यात वजन कुठेच नाही! पण नळी तीच, व्यास तोच, मग शिसं वाढलं की गोळी लांबच होणार. आणि लांब गोळीला जास्त गिरकी लागते. ६० ग्रेनच्या त्या गोळीला ९ इंचांत फेरा हवा. १६ च्या नळीतून ती कोलमडते आणि कागदावर गोल भोकाऐवजी कुलपाच्या किल्लीसारखं आडवं भोक पडतं.

लष्करालाही हे चुकलं नाही. अमेरिकेच्या जुन्या एम-१६ ला ५५ ग्रेनसाठी १२ इंचांत एक फेरा पुरायचा. १९८० च्या दशकात लांबट ६२ ग्रेनची गोळी आली आणि नळी थेट ७ वर गेली. (खरं तर ७ लागले ते तिच्याहूनही लांब ट्रेसर गोळीसाठी.)

‘मग माझीही नळीच बदलू?’ साहेबांचा पुढचा प्रश्न. अरे, राज्य स्पर्धा तोंडावर आलीय! शिवाय गरजेपेक्षा जास्त गिरकी दिली, की गोळीतला बारीकसा असमतोलही अंगाशी येतो. दहाचं वर्तुळ अवघं १०.४ मिलिमीटरचं.

सध्या तो ४० ग्रेनच्याच तीन वेगवेगळ्या लॉटचे डबे घेऊन बसलाय. प्रत्येकी दहा गोळ्या, कागदावर पेन्सिलीनं खुणा. दुसरा लॉट बरा पडतोय म्हणे.